मुले नव्हे, शिक्षक फिरोत
गावशाळेची गोष्ट : लेखांक ४

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, हे आपण गेल्या आठवड्यात पाहिले. शाळा अशी वाडीवस्तीजवळ आली की तिचा पट लहान राहणारच. मग लहान शाळेतल्या मुलाला प्रयोगशाळा, ग्रंथालय, चित्रकलेचे शिक्षक मिळायचे कसे?

रायगड जिल्ह्यातल्या पेण-रोहा रेल्वेमार्गावरचे निडी घ्या. नागोठणे आणि रोहा यांच्यामधले हे लहानसे स्थानक. या पट्ट्यात भातशेतीची गावे आहेत, तशा कातकरी-ठाकरांच्या वाड्याही. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्याने दोन शिक्षक मिळतात. सगळ्या इयत्ता दोघांनी वाटून घ्यायच्या, वर माहित्या भरायच्या. संगीत आणि चित्रकला मागे पडतात. सहावी ते आठवीला कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे, पण त्या वर्गांचा पट शंभरावर गेला तरच. समजा, शेजारच्या तीन शाळांत या वर्गांची चाळीस-चाळीस मुले आहेत. मुले होतात एकशेवीस. पण हिशेब शाळेगणिक, म्हणून निदेशक एकीलाही नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात शाळा संकुलाची कल्पना मांडली : माध्यमिक शाळा मध्यभागी, परिसरातल्या प्राथमिक शाळा तिला जोडलेल्या, साधने सामायिक. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या कामातून त्यांनी खेड्यातली शाळा जवळून पाहिली होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख नेमले. राज्यभर ४,८६० केंद्रे झाली. शिक्षण परिषदा आणि केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा त्यांतून सुरू झाल्या, पण केंद्रप्रमुखांचा बराच वेळ माहिती गोळा करण्यात जातो. शिक्षक आणि साधने वाटून घेण्याचा मूळ हेतू मागेच राहिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पाच ते दहा किलोमीटर परिघातल्या शाळांचे संकुल पुन्हा सुचवले आणि कोठारी आयोगाची ही सूचना अमलात आली नसल्याची कबुलीही दिली.

इथे दोन वाटा वेगळ्या ओळखल्या पाहिजेत. २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक होत्या. समूह शाळेत लहान शाळा एकत्र करून मुलांना बसने एका ठिकाणी आणायचे. संकुलात शाळा जागेवरच राहते, शिक्षक आणि साहित्य तिच्याकडे येते. रायगडच्या पावसात ओढे भरले की वाडीवरचे सहा-सात वर्षांचे मूल बसच्या थांब्यापर्यंत तरी कसे पोहोचणार? वीटभट्टीवर स्थलांतर करणाऱ्या कातकरी कुटुंबातल्या मुलांची शाळा आधीच तुटते. घराजवळची शाळाही गेली, तर ती मुले परत वर्गात येणे अवघड. म्हणून संकुलाचीच वाट धरायला हवी.

ते घडायला फार खर्च लागत नाही, नियोजन लागते. कलाशिक्षक एक, शाळा चार, प्रत्येकीला आठवड्याचा ठरलेला दिवस. पुस्तकांच्या पेट्या महिन्याला शाळा बदलतील. माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा ठरलेल्या तासिकांना शेजारच्या सातवी-आठवीसाठी उघडी राहील. लावणीला गावे सावड करतात, तसेच हे आहे. मात्र त्यासाठी फिरत्या शिक्षकाला प्रवासभत्ता हवा, साहित्य मोडले तर भरपाई कोणी करायची हे लेखी हवे आणि निदेशकाचा पट संकुलाचा मिळून मोजायला हवा.

आणखी एक भिंत तालुक्याची आहे. याच रेल्वेमार्गावरचे कासू पेण तालुक्यात, त्यापुढचे नागोठणे रोहा तालुक्यात. केंद्रे तालुक्याच्या आतच आखलेली असल्याने हद्दीवरच्या दोन शेजारी शाळा वेगवेगळ्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत जातात. जिल्हा परिषद मात्र एकच आहे. तिने ठरवले तर हद्दीवरच्या शाळांचे संयुक्त वेळापत्रक येत्या जूनपासून लागू शकते. शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या प्रत्येक पालकाने ही मागणी ठरावात घालावी.

पुढील लेखांकात : शाळा व्यवस्थापन समितीचे अधिकार आणि ठराव कसा मांडावा.