झाडाची ओळख आणि झाडाची साक्ष

दोडामार्ग तालुक्यात झाड ओळखता येणे ही केवळ हौस नव्हे. २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील वृक्षतोडीस मनाई केली. पण तोडीची तक्रार करावयाची तर ‘एक मोठे झाड पाडले’ एवढ्याने भागत नाही; कोणते, ते सांगावे लागते. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, खैर अशी झाडे नावानिशी दिलेली आहेत. नावावाचून तक्रार लंगडी पडते.

ओळखीचा आरंभ पानापासून करावा. पाने फांदीवर समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे प्रथम पाहावे. जांभळाची समोरासमोर, आंब्याची एकाआड एक. मग पान साधे की संयुक्त, ते ठरवावे. बिवळ्याच्या एकाच पानाची पाचसात दले नवख्याला पाचसात पाने वाटतात. खूण सोपी आहे: पानाच्या देठाच्या बगलेत डोळा असतो, दलाच्या बगलेत नसतो.

दुसरी खूण सालीची. ऐनाची साल काळपट, उभ्याआडव्या भेगांनी सुसरीच्या पाठीसारखी चौकोनी फुटलेली. नाण्याची याच्या उलट: फिकट, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे सुटणारी. पाने गळाली तरी साल राहते. झाड पाडल्यावर खुंटावरही तीच साक्ष देते.

तिसरी खूण चिकाची. फणसाचा चीक पांढरा, रातांब्याचा पिवळा. बिवळ्याच्या सालीला जखम झाली की रक्तासारखा तांबडा रस पाझरतो. मात्र अनोळखी चिकाला बोट लावू नये. बिब्ब्याच्या रसाने अंगावर फोड उठतात.

एका साक्षीदारावर खटला उभा राहत नाही, तसा एका खुणेवर निकाल देऊ नये. ऐन आणि किंजळ एकाच कुळातले. दोघांच्याही पानामागे देठाजवळ बारीक गाठी असतात. फळ पाहिले की वाद मिटतो. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख. किंजळाची फळे लहान, तांबूस, घोसांनी लगडलेली, एक पंख मोठा आणि दोन लहान.

ज्या मजुराचे नाव हजेरीपटावर नाही, त्याची मजुरी बुडाली तर दाद मागताना मोठी अडचण पडते. झाडाचेही तसेच आहे. म्हणून प्रत्येक वाडीतील चार तरुणांनी जाणत्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन आपल्या झाडांची वही करावी: जागा, गावातले नाव आणि तीन खुणा. कुऱ्हाड येण्यापूर्वी ही वही तयार असली पाहिजे.