डीएसएलआर घेऊ की खिशातला कॅमेरा?

इथे न्यूझीलंडमध्ये डिसेंबर म्हणजे उन्हाळा. पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलतात, ऑफिसं ख्रिसमसच्या आठवडाभर आधीच सुस्तावतात आणि २६ तारखेच्या 'बॉक्सिंग डे' सेलची पत्रकं पत्रपेटीत पडायला लागतात. याच सुमारास मला दरवर्षी ठरलेला फोन येतो. "अरे, तू कॉम्प्युटर इंजिनिअर ना? मग सांग, डीएसएलआर घेऊ की साधा डिजिटल कॅमेरा?" कॉम्प्युटर इंजिनिअरला कॅमेरा, वॉशिंग मशीन आणि सासऱ्यांचा मोबाइल यातलं सगळं कळतं, असा आपल्याकडे एक समज आहे. यंदा, म्हणजे २०१२ मध्ये, असे तीन फोन झाले. दोन ऑकलंडमधलेच आणि एक थेट नाशिकहून, चुलतभावाचा. "दादा, फेब्रुवारीत येताना घेऊन ये ना!" म्हटलं, आता एकदा लिहूनच टाकावं.

डीएसएलआर का हवा, असं विचारलं की तिघांचं उत्तर एकच. "न्यूझीलंडचं एवढं सौंदर्य, ते काय साध्या कॅमेऱ्यात टिपायचं?" (नाशिककराला इथलं सौंदर्य टिपायचं नाही, पण उत्तर त्याचंही तेच!) ही कल्पना इतकी पक्की असते, की टेकापो तळ्याकाठी उन्हाळ्यात गेलात तर जांभळ्या ल्युपिनच्या ताटव्यांपेक्षा गळ्यात काळे कॅमेरे अडकवलेली माणसं जास्त दिसतात. जाता जाता, ती फुलं इथल्या लोकांच्या लेखी तण आहेत, पण फोटोत कुणाला सांगायचंय!

माझं मत मात्र उलटं आहे. डोंगर, तळी आणि समुद्र यांसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. डोंगर हलत नाही. इथल्या उन्हाळ्यात उजेड तर इतका असतो, की कॅमेऱ्याला काही कष्टच पडत नाहीत. भर उन्हात साधा कॉम्पॅक्ट कॅमेरा सर्वांत कमी आयएसओवर सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो काढून मोकळा होतो. तो फोटो आपण पाहणार कुठे? फुल एचडी टीव्ही म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. सहा बाय चारची प्रिंट काढली तरी तेवढंच. निकॉनच्या नव्या डी ३२०० मध्ये २४ मेगापिक्सेल आहेत, पण ते सांगलीच्या घरातल्या संगणकावर उघडले की बिचारे बहुतेक सगळे कापलेच जातात.

शिवाय इथे भटकायचं म्हणजे चालायचं. टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग जवळपास वीस किलोमीटरचं आहे. (यंदा ऑगस्टमध्ये आणि परत नोव्हेंबरमध्ये तिथला ज्वालामुखी उसळला, त्यानंतर त्याचा काही भाग बंद ठेवला होता.) निकॉनच्या डी ३१०० चं वजन १८-५५ च्या लेन्ससकट पाऊण किलोच्या वर जातं. पहिल्या तासात ते जाणवत नाही. चौथ्या तासात कॅमेरा बॅगेत जातो आणि मग बाहेर येतच नाही. मिलफर्ड साउंडला तर पाऊस पाचवीला पुजलेला. तिथे होडीवर धबधब्याचे तुषार अंगावर येत असताना जॅकेटच्या खिशातून पटकन निघतो, तो कॅमेरा खरा.

लांबच्या पक्ष्यांसाठी झूम हवा, असंही म्हणतात. ऑकलंडपासून तासाभराच्या आत म्युरिवायला गॅनेट पक्ष्यांची वसाहत आहे. तिथे पाहण्यासाठी बांधलेले कठडे घरट्यांच्या इतके जवळ आहेत, की साध्या कॅमेऱ्यातही पक्ष्याचा डोळा दिसतो. वायटोमोच्या काजव्यांच्या गुहेत तर फोटो काढायलाच मनाई आहे, त्यामुळे तिथे सगळे कॅमेरे सारखेच! एक मात्र कबूल करायला हवं. भर उन्हात कॉम्पॅक्टच्या मागच्या स्क्रीनवर ढिम्म काही दिसत नाही, आणि इथलं ऊन म्हणजे ऊनच. तिथे डीएसएलआरला डोळा लावून बघायची जी खिडकी असते, ती फार कामाची.

मग डीएसएलआर लागतो कुठे? माझ्या मते, घरात.

जूनमध्ये ऑकलंडला सव्वापाचच्या आधीच सूर्य मावळतो. ऑफिसातून घरी पोचेपर्यंत अंधार झालेला असतो. इथल्या जुन्या लाकडी घरांत आपल्यासारखी भिंतीवर ट्यूबलाइट नसते, कोपऱ्यात एखादा पिवळा दिवा. त्या उजेडात आमची तीन वर्षांची लेक सोफ्यावरून उड्या मारते, वरणभात कपाळाला फासते आणि आईची ओढणी साडीसारखी नेसून 'मी आजी' म्हणत घरभर फिरते. सोमवार ते शुक्रवार तिची-माझी भेट होते ती याच वेळात. हा फोटो साध्या कॅमेऱ्यात काढून बघा. फ्लॅश लावला तर चेहरा पांढराफटक, डोळे लाल आणि मागे मिट्ट काळोख. नाही लावला तर पोरीच्या जागी एक गुलाबी ढग.

याच वर्षी आम्ही साउथ आयलंडला जाऊन आलो आणि अल्बम सांगलीला पाठवला. बाबांनी शांतपणे सगळा पाहिला. मग स्काइपवर म्हणाले, "डोंगर झकास आहेत रे. पण पोरगी आहे कुठे? सगळीकडे आपली एवढीशी." पलीकडून आई म्हणाली, "ती जेवते कशी, झोपते कशी, त्याचे पाठव."

आजी-आजोबांनी नातीला आजवर हाताशी धरलंय ते एकदाच, पाच आठवडे. बाकी सगळी ओळख स्क्रीनवरची. स्काइपचं चित्र अडकत-अडकत येतं, आवाज एका सेकंदाने मागून येतो. फोटो तेवढा स्थिर राहतो. त्यांना तो मोठा करून, चष्मा पुसून, शेजारच्या काकूंना बोलावून दाखवता येतो. म्हणून आपण इतक्या लांब राहणाऱ्यांनी कॅमेरा निवडताना आधी हे पाहावं, की घरचे आपल्याकडे कशाचा फोटो मागतात.

आता थोडं तांत्रिक, पण घाबरू नका. फोटो म्हणजे गोळा केलेला प्रकाश. पागोळीखाली वाटी ठेवली आणि घमेलं ठेवलं, तर तेवढ्याच वेळात कशात जास्त पाणी जमेल? साध्या कॉम्पॅक्टमधला सेन्सर करंगळीच्या नखाहून लहान, साधारण २८ चौरस मिलिमीटर. डी ३१०० चा सुमारे ३५६, म्हणजे बारा-तेरा पट. म्हणूनच कमी उजेडात कॉम्पॅक्टच्या फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात, आणि तोच फोटो डीएसएलआरमध्ये बऱ्यापैकी स्वच्छ येतो.

पण दुकानदार जे सांगत नाही ते पुढे आहे. बॉक्समध्ये मिळणारी १८-५५ ची लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ पर्यंत आवळते. आमच्या दिवाणखान्यातल्या उजेडात आयएसओ १६०० ठेवूनसुद्धा तिला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तेवढ्यात आमची लेक स्वयंपाकघरात पोचलेली असते. याउलट निकॉनची ३५ मिमी एफ/१.८ ही छोटी, बिनझूमची लेन्स एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. तेच काम सेकंदाच्या दीडशेव्या भागात होतं आणि उडी हवेतल्या हवेत सापडते. गणपतीच्या आरतीत तर फरक आणखी कळतो. फ्लॅश उडाला की निरांजनाचा उजेड मेलाच. ही लेन्स लावली की चेहऱ्यावरचा तो सोनेरी प्रकाश जसाच्या तसा येतो.

तेव्हा डीएसएलआर घ्यायचाच असेल, तर नवीन मॉडेलचा हट्ट सोडा. दोन वर्षांपूर्वीचा डी ३१०० घ्या आणि उरलेल्या पैशांत ही दुसरी लेन्स घ्या. नुसत्या किट लेन्सवर आयुष्य काढायचं असेल, तर मोठा कॅमेरा घेऊन अर्धाच उपयोग. कॅननवाल्यांची ५० मिमी एफ/१.८ स्वस्त आणि छान आहे, पण अकराशे डीसारख्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते. इथल्या खोलीत पोरीचा पूर्ण फोटो घ्यायला भिंतीला पाठ टेकवावी लागते. 'ट्रेड मी'वर जुन्या लेन्स बघत असाल तर आणखी एक. निकॉनच्या डी ३१०० मध्ये फोकसची मोटर नसते. लेन्सच्या नावात 'एएफ-एस' असेल तरच आपोआप फोकस होईल. नुसतं 'एएफ' असेल तर हाताने फिरवत बसा!

कॉम्पॅक्टच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण यंदा त्यात एक वेगळाच पाहुणा आलाय. जूनमध्ये सोनीने आरएक्स १०० काढला. वजन २४० ग्रॅम, खिशात मावतो आणि सेन्सर ११६ चौरस मिलिमीटर. वाटी नाही, घमेलंही नाही. चांगलं मोठं पातेलं म्हणा. झूम न करता त्याची लेन्सही एफ/१.८ पर्यंत उघडते. अडचण किमतीची. अमेरिकेत तो ६५० डॉलरला आला, तर डी ३२०० लेन्ससकट ७०० ला. इतका छोटा डबा आणि एवढे पैसे, हे आपल्या मराठी मनाला पचत नाही. कॅमेरा म्हटलं की हाताला वजन लागलं पाहिजे.

व्हिडिओसाठी माझं मत सरळ कॉम्पॅक्टला. सुरुवातीच्या डीएसएलआरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना फोकस इकडे-तिकडे भटकतो आणि लेन्सची घरघर आवाजात येते. बोबडे बोल टिपायचे असतील, तर त्या घरघरीचा फार राग येतो.

आणि कॅमेरा घरात कोण वापरणार? आमच्याकडे कमीत कमी चार जण. बायकोला एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात कॅमेरा धरायचा असतो. आई-बाबा जानेवारीत येतायत. बाबांचा चष्मा जाड, डीएसएलआरच्या छोट्या खिडकीला डोळा लावला की काच आपटते. त्या खिडकीशेजारी नंबर जुळवायचं एक चाक असतं, ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. चष्मा काढून चाक फिरवलं की अनेकांना स्वच्छ दिसतं. तसे बाबा कॅमेऱ्याला नवखे नाहीत. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री होता, एका रोलमध्ये बारा फोटो. त्या बारांत बारसं, सहल आणि मुंज बसवायची. माझ्या लहानपणीचे पंचवीसेक फोटो आहेत, त्यातले चार हललेले, आणि आई अजूनही तेच काढून बसते.

खरेदीबद्दल थोडक्यात. इथे १९९३ चा ग्राहक हमी कायदा आहे. वस्तू धड चालली नाही, तर विकणाऱ्या दुकानाला जबाबदारी घ्यावीच लागते, त्यामुळे काउंटरवर आग्रहाने विकली जाणारी 'एक्स्टेंडेड वॉरंटी' घेताना दोनदा विचार करा. परदेशी वेबसाइटवरून स्वस्तात मागवला, तर बिघडल्यावर हा कायदा तिथवर पोचवणं अवघड. शिवाय २०१२ मध्ये साधारण चारशे डॉलरच्या पुढच्या पार्सलवर कस्टम्स १५ टक्के जीएसटी लावत होतं, म्हणजे स्वस्ताई तिथेच संपली. नाशिकच्या भावाला मी सांगितलं, आधी तिथल्या दुकानातला भाव विचार, इथली वॉरंटी तिथे चालेल का ते पाहू, मग कस्टमची मर्यादा बघू. माझ्या हातातल्या सामानाची हद्द सात किलो, त्यातले दोन किलो आईने सांगितलेल्या मनुका आणि चॉकलेटं. त्याने भाव विचारला आणि नाशिकमध्येच घेतला.

ऑकलंडच्या दोघांपैकी एक नवराबायको दर शनिवारी-रविवारी डोंगर चढतात. त्यांना मी आरएक्स १०० सुचवला. कुरकुरत घेतला. गेल्या रविवारी फेरीने रांगिटोटो बेटावर गेले, माथ्यापर्यंत चढले, आणि कॅमेरा पूर्ण वेळ शर्टाच्या खिशात होता. दुसऱ्याच्या घरी सात महिन्यांचं बाळ आहे. तो बॉक्सिंग डेची वाट बघतोय. डी ३१०० आणि ३५ मिमीची लेन्स, दोन्हींची किंमत कागदावर लिहून ठेवलीय. बाळ मेपर्यंत चालायला लागेल, असा त्याचा हिशेब आहे, आणि मेमध्ये इथे सहाच्या आतच अंधार होतो.