नाचाचा हक्क, बोलण्याचा हक्क

अपंग मुलाला नाचाच्या वर्गात घेणे ही दया नव्हे. तो त्याचा हक्क आहे. २०१६ च्या कायद्याने सांस्कृतिक जीवनातील त्याच्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पण वर्ग चालवायचा कसा? बहिऱ्या मुलाला ताल लाकडी जमिनीच्या कंपनातून तळपायाला कळतो. आंधळ्याला मुद्रा हाताने चाचपून शिकवता येते. चाकांच्या खुर्चीतली मुलगी चाकांवरच गिरकी घेते. अडखळत कविता म्हणणाऱ्याचे वाक्य आपण पुरे करू नये, थांबावे. न बोलणारे मूल तीच कविता खुणांच्या भाषेत सांगेल. आम्ही कामगार चळवळीतले लोक एवढेच जाणतो, की यंत्र माणसाच्या मापाने बसवावे, माणूस यंत्राच्या मापाने कापू नये. वर्गाचेही तसेच. वेगळा वर्ग काढला, की मध्ये भिंत उभी राहते. एकत्र बसवले, तर शेजारचे मूलही थांबायला शिकते.