बळ कशाने मोजावे? ‘ब्लड बाउल’मधील संघांची तुलना

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच असते, त्यामुळे डाव सुरू होण्यापूर्वी कोणाची बाजू बळकट आहे हा प्रश्नच उद्‌भवत नाही. ‘ब्लड बाउल’ या खेळाची रचना नेमकी याच्या उलट तत्त्वावर उभी आहे. जर्व्हिस जॉन्सन यांनी रचलेला आणि ‘गेम्स वर्कशॉप’ या ब्रिटिश कंपनीने १९८६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेला हा पटावरचा खेळ अमेरिकन फुटबॉलला ‘वॉरहॅमर’ या अद्‌भुतरम्य काल्पनिक विश्वात नेऊन बसवतो. तेथे ठेंगणे व दणकट ड्वॉर्फ, चपळ वुड एल्फ, उंदरांच्या रूपातले स्केव्हन, आडदांड ऑर्क आणि चिमुकले हाफलिंग अशा नाना जमातींचे संघ परस्परांशी झुंजतात. हे संघ जाणूनबुजून असमान घडवलेले असल्यामुळे कोणता संघ बलवान आहे हा प्रश्न चार दशके या खेळाच्या चाहत्यांना गुंतवून ठेवत आला आहे. त्याचे उत्तर शोधताना मुळात बळ म्हणजे काय, याचाच विचार करावा लागतो.

खेळाची चौकट

पटावरील मैदान २६ घरे लांब आणि १५ घरे रुंद असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू लहान मूर्तींच्या रूपाने एका वेळी मैदानात उतरतात, तर संघाच्या यादीत जास्तीत जास्त १६ खेळाडू ठेवता येतात. सामन्याची दोन सत्रे असून प्रत्येक सत्रात दोन्ही संघांना आठ-आठ पाळ्या मिळतात, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाकडील शेवटच्या ओळीत पोहोचवला की एक ‘टचडाउन’, म्हणजे एक गुण, नोंदला जातो. संघ चालवणाऱ्या माणसाला ‘कोच’ म्हणतात आणि नवा संघ उभारण्यासाठी त्याला सामान्यतः दहा लाख सुवर्णनाण्यांचे काल्पनिक भांडवल दिले जाते. त्यातूनच त्याला खेळाडू घ्यावे लागतात आणि ‘रीरोल’, म्हणजे बिघडलेला फासा पुन्हा टाकण्याची संधी, हीसुद्धा विकत घ्यावी लागते.

या खेळाचा कणा असलेला नियम ‘टर्नओव्हर’ या नावाने ओळखला जातो. पाळी चालू असताना आपला खेळाडू आडवा झाला किंवा त्याच्या हातून चेंडू निसटला, तर उरलेल्या खेळाडूंना हलवण्याचा हक्क तत्काळ संपतो आणि पाळी प्रतिस्पर्ध्याकडे जाते. त्यामुळे प्रत्येक कृतीत फायद्याबरोबर अपयशाची किंमतही मोजावी लागते आणि संघाचे बळ बव्हंशी या एकाच कसोटीवर ठरते : किती कृती पाळी न गमावता पार पडतात.

पाच आकडे आणि त्यांमागचे गणित

२०२० च्या नियमावलीनुसार प्रत्येक खेळाडूचे वर्णन पाच आकड्यांत केले जाते : एका पाळीत किती घरे चालता येते ती चाल, धडक देण्याचे बळ, निसटण्याचे व चेंडू उचलण्याचे चापल्य, चेंडू फेकण्याची क्षमता आणि इजेपासून वाचवणारे चिलखत. चापल्यापुढे ‘२+’ असे लिहिले असेल, तर सहा बाजूंच्या फाशावर दोन किंवा त्याहून अधिक आले की कृती सफल होते, म्हणजेच सहापैकी पाच वेळा यश मिळते; ‘४+’ असेल, तर यशाची शक्यता निम्म्यावर येते. वुड एल्फांच्या साध्या खेळाडूचे चापल्य २+ आणि ड्वॉर्फांच्या साध्या खेळाडूचे ४+ असते. एका कृतीपुरता हा फरक मोठा भासत नाही, परंतु गुण मिळवण्यासाठी सलग तीन अशा कृती कराव्या लागल्या, तर एल्फाला सुमारे ५८ टक्के आणि ड्वॉर्फाला केवळ साडेबारा टक्के संधी उरते. एल्फाच्या हाती एक रीरोल असेल, तर हीच संधी जवळजवळ ८७ टक्क्यांवर जाते. लहान वाटणारे फरक साखळीत गुणले गेले की दरी बनतात, ही संघांच्या तुलनेतील पहिली ध्यानात घेण्याजोगी बाब होय.

धडकेचे गणित यापेक्षा वेगळे आहे. धडक म्हणजे ‘ब्लॉक’ होय आणि तिच्यासाठी खास फासा वापरतात. त्याच्या सहा बाजूंपैकी एकीवर धडक देणारा स्वतः पडतो, एकीवर दोघेही पडतात, दोन बाजूंवर समोरच्याला फक्त मागे ढकलले जाते, एकीवर तो अडखळून पडतो आणि एकीवर सरळ आडवा होतो. दोघांचे बळ सारखे असेल, तर एक फासा टाकला जातो; एकाचे बळ अधिक असेल, तर दोन फासे टाकून अधिक बलवानाने त्यांतील एक निवडायचा; आणि त्याचे बळ दुपटीहूनही अधिक असेल, तर तीन फासे टाकायचे. मोकळा सहकारी प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी उभा असेल, तर त्याच्या मदतीने बळात एकाची भर पडते. म्हणून खेळाडू कोठे उभे आहेत, यालाही बळाइतकेच महत्त्व येते.

चिलखताची परीक्षा दोन फाशांच्या बेरजेवर होते. पडलेल्या वुड एल्फाचे चिलखत आठ किंवा अधिक बेरजेला भेदले जाते आणि ही शक्यता सुमारे ४२ टक्के आहे. ड्वॉर्फाच्या चिलखतासाठी दहा किंवा अधिक बेरीज लागते आणि तिची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास आहे. चिलखत भेदल्यावर इजेसाठी पुन्हा दोन फासे टाकतात. एल्फ आठ किंवा त्याहून अधिक बेरजेला मैदानाबाहेर जातो, परंतु ड्वॉर्फांपाशी असलेल्या ‘थिक स्कल’, म्हणजे जाड कवटीच्या गुणामुळे त्यांना बाहेर काढण्यास किमान नऊ लागतात. सर्व हिशेब एकत्र केला, तर एकदा पडल्यानंतर साधा एल्फ मैदानाबाहेर जाण्याची शक्यता सुमारे १७ टक्के आणि ड्वॉर्फ बाहेर जाण्याची पाच टक्क्यांहूनही कमी भरते. चिमुकल्या हाफलिंगांचे चिलखत तर सातलाच भेदले जाते, आणि त्यांच्या नाजूक देहासाठी इजेचे कोष्टकही अधिक कठोर असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हा आकडा ३४ टक्क्यांवर पोहोचतो.

कौशल्यांमुळे बदलणारे पारडे

केवळ या पाच आकड्यांवरून दोन संघांची तुलना केली, तर ती फसवी ठरते, कारण खेळाडूंपाशी असलेली कौशल्ये त्याच आकड्यांचा अर्थ बदलून टाकतात. स्केव्हनांचा ‘गटर रनर’ हा धावपटू याचे उत्तम उदाहरण आहे. त्याची चाल नऊ घरांची असते, बळ मात्र केवळ दोन, आणि ‘डॉज’ या कौशल्यामुळे फाशावर अडखळण्याची बाजू आली, तरी तो पडत नाही, फक्त मागे सरकतो. माणसांच्या संघातील साधा खेळाडू आणि ड्वॉर्फांचा साधा खेळाडू यांचे बळ तीनच असल्यामुळे दोघांनाही या धावपटूवर दोन फासे टाकता येतात. तरीही स्वतः न पडता त्याला आडवे करण्याची माणसाची शक्यता केवळ ३१ टक्के असते. ड्वॉर्फापाशी ‘ब्लॉक’ नावाचेच एक कौशल्य जन्मतः असते, त्यामुळे दोघे पडण्याची बाजू आली, तरी तो उभा राहतो आणि शक्यता ५६ टक्क्यांवर जाते. शिवाय ‘टॅकल’ हे कौशल्य समोरच्याचे ‘डॉज’ निष्फळ करत असल्यामुळे ती ७५ टक्के होते. बळाचा आकडा एकच असताना यशाचे प्रमाण दुपटीहून अधिक व्हावे, यातच तुलनेचे मर्म आहे.

मात्र हीच ड्वॉर्फ सेना केऑस संघाच्या अनुभवी खेळाडूंसमोर उभी ठाकली की चित्र पालटते. केऑसच्या खेळाडूंना अनुभवातून ‘क्लॉ’, म्हणजे नखर, हा गुण मिळवता येतो, आणि त्याच्यापुढे कितीही भक्कम चिलखत आठ बेरजेला भेदले जाते. ज्या चिलखतासाठी ड्वॉर्फांनी आपला वेग गहाण टाकला, ते चिलखत अशा वेळी एल्फाच्या चिलखताइतकेच पातळ ठरते. ‘टॅकल’ हे चपळ संघांचे मोठे संकट आहे, पण ज्यांच्यापाशी ‘डॉज’च नाही अशा संघांपुढे ते जवळजवळ निरुपयोगी असते. कोणत्याही गुणाचे मोल असे समोर कोण आहे यावर ठरते, आणि म्हणून संघांची एकच सर्वकालीन उतरंड लावण्याचा प्रयत्न नेहमी अपुरा पडतो.

वेळ हेही बळच

ड्वॉर्फ आणि वुड एल्फ यांच्यातील खरा विरोध वेळेच्या वापरात दिसतो. ड्वॉर्फांचा साधा खेळाडू एका पाळीत चार घरे चालतो, म्हणजे आठ पाळ्यांत बत्तीस, आणि मैदानाची लांबी सव्वीस घरे. चेंडू घेतलेल्या खेळाडूभोवती चार कोपऱ्यांवर चार सहकारी उभे करून जो ‘पिंजरा’ रचला जातो, तो पाळीगणिक थोडा थोडा पुढे सरकवत ड्वॉर्फांचा कोच आठव्या पाळीत गुण नोंदवतो, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याला त्या सत्रात उत्तर देण्यास अवधीच उरू नये. वुड एल्फ मात्र चेंडू हाती आल्यावर दोन पाळ्यांतही गुण मिळवू शकतात. यामुळे ते अजिंक्य ठरतील असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु लवकर गुण मिळवणे म्हणजे चेंडू आणि उरलेल्या पाळ्या प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणे होय; त्या पाळ्यांत पातळ चिलखताच्या एल्फांना धडका सोसाव्या लागतात आणि खेळाडू जसजसे कमी होतात, तसतशी त्यांच्या वेगाची धारही बोथट होत जाते. म्हणूनच जाणते एल्फ कोच कधीकधी गुणरेषेपाशी पोहोचूनही थांबतात आणि जाणते ड्वॉर्फ कोच एल्फांना लवकर गुण घेणे भाग पाडतात.

वेळेचा दुसरा परिणाम स्पर्धेच्या स्वरूपातून येतो. लीगमध्ये, म्हणजे अनेक सामन्यांच्या दीर्घ मालिकेत, खेळाडू अनुभव कमावून नवी कौशल्ये शिकतात, जखमी होऊन कायमचे दुबळे होतात आणि प्रसंगी मरतातही. ड्वॉर्फांपाशी उपयुक्त कौशल्ये पहिल्या दिवसापासून असल्यामुळे ते आरंभी प्रबळ असतात, तर केऑसचे खेळाडू प्रारंभी कोरे असूनही पुढे भयंकर होतात. एल्फांना मात्र एकेका मौल्यवान खेळाडूचा मृत्यू फार महाग पडतो. याउलट स्पर्धांमध्ये बहुधा ‘रिझरेक्शन’ ही पद्धत वापरतात, जिच्यात प्रत्येक सामन्यानंतर संघ पूर्वस्थितीला येतो आणि इजांचे ओझे पुढच्या सामन्यात जात नाही. ‘नॅफ’ या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली २००७ मध्ये नॉटिंगहॅम येथे पहिला विश्वचषक झाला आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रियातील डॉर्नबिर्न येथे तो पुन्हा भरला. अशा स्पर्धांत जे संघ उठून दिसतात, तेच संघ प्रदीर्घ लीगमध्ये टिकतील असे गृहीत धरता येत नाही.

असमानतेची जबाबदारी

संघ असमान असतील, तर खेळ न्याय्य कसा राहील, या प्रश्नाचे उत्तर रचनाकारांनी दोन प्रकारांनी दिले आहे. लीगमध्ये प्रत्येक संघाचे ‘टीम व्हॅल्यू’, म्हणजे खेळाडू, रीरोल व सहायक कर्मचारी यांच्या किमतींची बेरीज, काढले जाते, आणि ज्या संघाची बेरीज कमी असेल त्याला फरकाइतकी रक्कम त्या सामन्यापुरती मिळते. तीतून तो नामांकित खेळाडू, जादूगार किंवा लाच देण्याची सोय विकत घेऊ शकतो. दुसरा मार्ग स्पष्ट कबुलीचा आहे. २०२० च्या नियमावलीत संघांची तीन श्रेणींत विभागणी असून हाफलिंग, गॉब्लिन, ओगर आणि स्नॉटलिंग हे संघ तिसऱ्या श्रेणीत आहेत. ते इतरांच्या तोडीचे आहेत असा दावा कोणी करत नाही, आणि अनेक स्पर्धांचे आयोजक अशा संघांना अधिक कौशल्ये किंवा अधिक भांडवल देतात.

तरीही हाफलिंगांचा संघ निवडणारे कोच कमी नाहीत आणि त्यामागे निव्वळ हौस नसते. या संघात सहा बळाचे दोन वृक्षमानव खेळवता येतात, आणि इतर संघांना तीन लाख नाण्यांना मिळणारा ‘मास्टर शेफ’ हा आचारी त्यांना एक लाखातच मिळतो. प्रत्येक सत्राच्या आरंभी तो तीन फासे टाकतो आणि चार किंवा अधिक आलेल्या प्रत्येक फाशामागे प्रतिस्पर्ध्याचा एक रीरोल आपल्याकडे ओढून घेतो. सरासरीने प्रत्येक सत्रात दीड रीरोल हातचा जाणे, हा ज्याची सारी योजना धोका कमी करण्यावर उभी आहे अशा संघासाठी मोठा आघात असतो. बलवान संघाचे बळ जिथे साठलेले आहे तेथेच दुबळ्याने घाव घालावा, हा विचार या एका नियमात नेमकेपणाने उतरला आहे.

दोन संघांची तुलना करताना म्हणून तीन गोष्टी विचाराव्या लागतात : समोर कोणता संघ आहे, स्पर्धा किती काळ चालणार आहे आणि संघ चालवणाऱ्याला धोक्यांचा क्रम लावता येतो काय. यांतील तिसरी गोष्ट कोणत्याही कोष्टकात छापलेली नसते आणि तरीही प्रत्येक पाळीत तीच प्रकट होते. सुरक्षित हालचाली आधी व जोखमीच्या नंतर करणारा कोच फाशांची शक्यता बदलू शकत नाही, पण अपयशाची किंमत नक्कीच कमी करू शकतो. ‘ब्लड बाउल’च्या रचनेचे मोठेपण येथे आहे. या खेळाने संघांमधील असमानता लपवली नाही, ती आकड्यांत मांडून सर्वांपुढे उघडी ठेवली आणि प्रत्येक दुबळेपणाला एखादे खरे शस्त्र दिले. समतोल म्हणजे सारखेपणा नव्हे आणि बळाची किंमत कोठेतरी मोजावीच लागते, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे अनुभवास आणून देणारे पटावरचे खेळ फार थोडे आहेत.