वरकस जमिनीची माती व ओढ्याचे पाणी

कर्जत व खालापूर तालुक्यांत डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरी ही पिके घेतली जातात. येथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, व तो बहुतेक ४ महिन्यांतच. उघड्या उतारावरची माती त्याबरोबर ओढ्यांत आणि पुढे उल्हास व पाताळगंगा या नद्यांत वाहून जाते. शेत खडकाळ होते व खालच्या गावांचे पाणी गढूळते.

उपाय साधे आहेत. नांगरट उतारास आडवी करावी. समपातळी रेषेवर वाळ्याचे दाट पट्टे लावावेत. त्यांच्या खोल मुळांमुळे माती अडते. राबासाठी ऐन व किंजळ यांची झाडे बोडकी करू नयेत. बांधावरील करवंदीच्या जाळ्या राखाव्यात; त्यांत ससे व पक्षी आसरा घेतात. जुन्या झाडांच्या ढोलींत राहणारी घुबडे शेतातील उंदीर मारतात.

पहिल्या पावसात मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून खाचरांकडे चढतात. यासच वलगण म्हणतात. म्हणून ओढ्याकाठी गवताचा पट्टा सोडावा, तेथे कीटकनाशक फवारू नये व पंप प्रवाहात धुऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसापूर्वीच शेतकऱ्यांसह उताराची पाहणी करावी. एकदा वाहून गेलेली माती एका पिढीत परत तयार होत नाही.