डक्टची किल्ली कोणाकडे?

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी एक अरुंद लोखंडी दार आहे. आत डक्ट. पाण्याचे पाइप, विजेच्या केबली, केव्हाच मेलेल्या लँडलाइनच्या तांब्याच्या तारा आणि त्यांच्या अंगावरून वर चढलेली दोऱ्याएवढी फायबर. दाराला कुलूप असतं. एका विशिष्ट कंपनीचा माणूस आला की किल्ली मिळते. दुसऱ्या कंपनीचा आला की मॅनेजर साहेब जेवायला गेलेले असतात.

पवईतल्या संकुलांमध्ये राहणाऱ्यांना हे नवीन नाही. खिशातल्या मोबाइलसाठी चार कंपन्या मागे लागतात आणि घरातल्या वायफायसाठी एकच. गेल्या सर्वसाधारण सभेत यावर अर्धा तास वाद झाला. दूरसंचाराबद्दल लोक जे जे चुकीचं समजून असतात, ते बहुतेक सगळं त्या अर्ध्या तासात बोललं गेलं. त्यातलं एक वाक्य माझंच होतं.

बी विंगमधले एक काका म्हणाले, "फोन आणला सरकारने, खासगीवाले मागाहून घुसले." काकांनी नोकरीत असताना कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिलेली, त्यामुळे त्यांना तसं वाटणं साहजिक आहे. पण मुंबईत टेलिफोन आला तो खासगी कंपनीमार्फत. जानेवारी 1882 मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज सुरू झाली ती परवानाधारक कंपन्यांची होती. सरकारने मुंबईची टेलिफोन व्यवस्था ताब्यात घेतली 1943 मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी. महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल, तर त्याहून खूप अलीकडचं, 1 एप्रिल 1986 चं.

सरकारच्या मक्तेदारीचं मूळ होतं 1885 च्या तार कायद्यात. त्याच्या चौथ्या कलमाने तारायंत्रं उभारण्याचा आणि चालवण्याचा एकमेव अधिकार केंद्र सरकारला दिला. गंमत अशी की हा अधिकार परवाना देऊन दुसऱ्याला वापरू देण्याची मुभाही त्याच कलमात होती. म्हणून 1994 च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडलं तेव्हा नवा कायदा करावा लागला नाही. त्याला आव्हान दिलं गेलं आणि फेब्रुवारी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवाने देणं वैध ठरवलं. मक्तेदारी आणि स्पर्धा दोन्ही एकाच कलमावर जगल्या. तो कायदा मोडीत काढणारा दूरसंचार कायदा आला 2023 मध्ये.

दुसरा समज जास्त पक्का आहे: "1995 ला मोबाइल आला आणि मक्तेदारी संपली." नाही संपली. एकाच्या जागी दोघे आले, इतकंच. मुंबईत मोबाइलचे परवाने होते दोन, मॅक्स टच आणि बीपीएल मोबाइल. गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपयांच्या वर दर, आणि आलेला फोन उचलला तरी मीटर चालू. त्यामुळे मोबाइलवाले काय करायचे? वाजणाऱ्या फोनवरचा नंबर बघायचे, कट करायचे आणि जवळच्या पीसीओवरून उलट फोन लावायचे. हजारो रुपयांचं यंत्र पेजरसारखं वापरायचं! आमच्या नात्यातले एक गृहस्थ कमरेच्या पट्ट्याला मोबाइल आणि खिशात एक रुपयाची नाणी घेऊन फिरत, ते याचसाठी.

हे बदललं ते कंपन्यांच्या मनाचा मोठेपणा म्हणून नव्हे. फेब्रुवारी 1997 मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, स्थापन झालं. फोन करणाऱ्याने पैसे द्यावेत, घेणाऱ्याने नव्हे, असा नियम ट्रायने 1999 मध्ये केला. त्याविरुद्ध कोर्टात कोण गेलं? मुंबईची आपली एमटीएनएल. तसं होणारच होतं. कारण लँडलाइनवरून मोबाइलला लागलेल्या कॉलच्या पैशातला वाटा मोबाइल कंपनीला द्यावा लागणार होता. जानेवारी 2000 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने नियम रद्द केला: ट्रायला तेवढा अधिकारच नाही. त्याच महिन्यात सरकारने वटहुकूम काढून ट्रायची फेररचना केली. तंटे सोडवायला टीडीसॅट हा वेगळा लवाद आला, ट्रायकडे नियम करण्याचं काम राहिलं. इनकमिंग फुकट झालं ते 1 मे 2003 ला. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करणं महागलं म्हणून ओरडही झाली. आज ती कोणाला आठवत नाही. नाणी घेऊन फिरणारे गृहस्थ मात्र त्या दिवसापासून मिस्ड कॉल द्यायला शिकले.

मधल्या काळात आणखी तीन गोष्टी घडल्या. 1999 च्या धोरणात लिलावात फुगवून बोललेल्या परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचं ठरलं, म्हणून बुडायला आलेल्या कंपन्या तगल्या. 2001 मध्ये एमटीएनएलची स्वतःची मोबाइल सेवा 'डॉल्फिन' आली. 2002 मध्ये परदेशी कॉलवरची व्हीएसएनएलची मक्तेदारी संपली.

लँडलाइनवरची मक्तेदारीही गेली, त्याची एक खूण पवईत आजही दिसते. एखाद्या जुन्या दुकानाची पाटी बघा. 570 ने सुरू होणारा सात आकडी नंबर, आणि त्याच्या डाव्या बाजूला मागाहून, किंचित वेगळ्या रंगात, दाटीवाटीने घातलेला 2. नव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे लँडलाइन नंबर आठ आकडी झाले ते फक्त नंबर अपुरे पडत होते म्हणून नव्हे. लँडलाइनमध्येही दुसरे आले, तेव्हा पहिला आकडा कंपनीची ओळख झाला. एमटीएनएलला 2, रिलायन्सला 3, भारतीला 4, टाटांना 6. पेंटरने रंगवलेला तो 2 म्हणजे मक्तेदारी संपल्याची नोंद.

"दर ट्राय ठरवते," असं एक ताई म्हणाल्या. ट्राय ठरवत नाही. मोबाइलच्या बहुतेक प्लॅनचे दर कंपन्या स्वतः ठरवतात आणि लागू केल्यावर कामाच्या सात दिवसांत ट्रायला कळवतात. जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी पाठोपाठ दर वाढवले, त्याला कोणाची परवानगी लागली नाही. ट्राय कुंपण घालतं. एखाद्या ॲपचा डेटा स्वस्त आणि दुसऱ्याचा महाग, असं करता येणार नाही, हे फेब्रुवारी 2016 चं कुंपण. डेटा नको असलेल्यांसाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा रिचार्ज ठेवलाच पाहिजे, हे डिसेंबर 2024 चं. ताईंच्या सासूबाई बटणांचा फोन वापरतात आणि रोजच्या दीड जीबीचे पैसे भरतात. हा नियम त्यांना ठाऊकच नव्हता.

आता माझं वाक्य. मी तावातावाने म्हणालो, "ट्रायकडे तक्रार करू!" घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की ट्राय एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीचं तक्रार केंद्र. तिथला डॉकेट नंबर जपून ठेवायचा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जायचं. त्याला फी नाही. टीडीसॅटही एकट्या ग्राहकासाठी नाही. मग? ग्राहक आयोग. आपल्या उपनगर जिल्ह्याचा वांद्र्याला आहे. 2009 च्या एका निकालामुळे बरीच वर्षं टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत असं मानलं जाई. 16 फेब्रुवारी 2022 ला सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका ग्राहकाच्या प्रकरणात स्पष्ट केलं की चालतात. अजून वकील मंडळीही जुनंच सांगताना मी ऐकली आहेत.

"कंपन्या जितक्या जास्त तितकं बरं," हा शेवटचा समज पूर्ण चूक म्हणता येत नाही. पण मुंबईच्या त्या पहिल्या दोन कंपन्यांचं काय झालं बघा. मॅक्स टचची ऑरेंज झाली, मग हच, मग व्होडाफोन, आता व्ही. बीपीएलची लूप झाली आणि 2014 च्या अखेरीस बंद पडली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने एका फटक्यात रद्द केले होते. आज खासगी तीन आणि एक सरकारी. तरीही लूप बंद होताना तिच्या ग्राहकांना आपला नंबर घेऊन दुसरीकडे जाता आलं, कारण जानेवारी 2011 पासून पोर्टिंगची सोय देशभर होती. दुकानं किती, यापेक्षा एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाता येतं का, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि आमच्या डक्टमध्ये अडतं ते नेमकं तिथेच. सिम पोर्ट होतं, फायबर होत नाही. इमारत बांधतानाच एका कंपनीशी करार झालेला असतो, सोसायटी हातात येते तेव्हा तो फाइलसकट येतो. ट्रायला हे माहीत नाही असं नाही. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी शिफारस केली: इमारतीत इतरांना मज्जाव करणारे करार म्हणजे परवान्याच्या अटींचा भंग मानावा, डक्ट आणि केबलिंग सगळ्यांना वापरू द्यावं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये इमारतींना त्यांच्या जोडणीनुसार तारे देण्याचे नियमही आले. हे तारे ऐच्छिक आहेत. आणि 2017 ची ती नुसती शिफारस. शिफारशीवर निर्णय दूरसंचार विभाग घेतो.

हे सगळं छापून मी सेक्रेटरींना दिलं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि विचारलं, "शिफारस म्हणजे नियम का हो?"

"नाही."

"मग आपला करार काय म्हणतो?"

तो कोणीच वाचलेला नव्हता. ऑफिसच्या कपाटात तीन फाइली निघाल्या: लिफ्टची, जलशुद्धीकरणाची, पार्किंगची. चौथी बहुधा बिल्डरकडेच राहिली. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सातवा विषय आहे कराराची प्रत मागवण्याचा. आठवा, माझ्या आग्रहामुळे, डक्टची दुसरी किल्ली बनवण्याचा.