समकक्ष म्हणजे समान नव्हे!

शाळेतल्या मुलांना संगणक शिकवला पाहिजे, याबद्दल आज कुणाचेच दुमत नाही. पण कोणाच्या मुलाला कोणता संगणक शिकवला जातो आणि त्या शिक्षणाचे प्रमाणपत्र पुढे कोणते दार उघडते, याची चर्चा मात्र होत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी, असे उद्दिष्ट लिहून ठेवले. व्यवसाय विषयांच्या यादीत पालकांना सर्वांत जास्त भुरळ घालणारा विषय म्हणजे माहिती तंत्रज्ञान. म्हणूनच हा प्रयोग आपल्या आधी मोठ्या प्रमाणावर करून बसलेल्या इंग्लंडचा अनुभव बहुजन समाजाने डोळसपणे तपासला पाहिजे.

इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी मुले जीसीएसई ही परीक्षा देतात. ती आपल्या दहावीसारखीच, फक्त प्रत्येक विषयाचे प्रमाणपत्र वेगळे. किती टक्के मुलांना पाच विषयांत 'सी' किंवा त्याहून वरची श्रेणी मिळाली, यावर शाळेची पत ठरायची आणि त्याचे तक्ते जाहीर व्हायचे. १९९२ मध्ये तिथे जीएनव्हीक्यू हे व्यवसाय प्रमाणपत्र आले. त्याच्या मधल्या स्तराचा एक पूर्ण अभ्यासक्रम तक्त्यात चार जीसीएसई विषयांच्या 'समकक्ष' धरला जाऊ लागला. म्हणजे मुलाने माहिती तंत्रज्ञानाचा हा एक अभ्यासक्रम पुरा केला आणि आणखी एखादा विषय काढला, की पाच विषयांचा हिशेब पूर्ण! त्या पाचांत इंग्रजी आणि गणित असलेच पाहिजे, अशी अट त्या काळी मुख्य मोजमापात नव्हती. ती २००६ च्या सुमारास आली.

पुढे काय झाले असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. निकाल कमी लागणाऱ्या, गरीब वस्त्यांतल्या शाळांना हा मार्ग सोयीचा वाटला. २००७ मध्ये जीएनव्हीक्यू बंद झाले, पण तोवर त्याच जातीची दुसरी प्रमाणपत्रे बाजारात आली होती. सर्व व्यवसाय विषय मिळून अशा 'समकक्ष' प्रमाणपत्रांची संख्या २००४ मध्ये १५ हजार होती, ती २०१० मध्ये ५ लाख ७५ हजारांवर गेली. शाळांचे आकडे वाढले, मंत्र्यांना भाषणाला मुद्दा मिळाला आणि परीक्षा मंडळांना फी मिळाली. मुलाला काय मिळाले? पत्र टाइप करणे, तक्ता भरणे, सादरीकरण तयार करणे आणि हे सारे केल्याचा पुरावा म्हणून पडद्याची चित्रे छापून फाइलला लावणे. यंत्र कसे विचार करते, त्याला आज्ञा कशी द्यायची, हे बहुतेकांच्या वाट्याला आलेच नाही.

२०११ च्या मार्चमध्ये प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांचा सरकारने नेमलेला अहवाल प्रसिद्ध झाला. सोळा ते एकोणीस वयोगटातल्या किमान साडेतीन लाख तरुणांना ते शिकत असलेल्या व्यवसाय अभ्यासक्रमांचा फारसा उपयोग नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. इंग्रजी आणि गणित या दोन्ही विषयांत चांगली श्रेणी असलेल्या मुलांचे प्रमाण अठराव्या वर्षीही निम्म्याहून कमी होते आणि चांगली नोकरी किंवा पुढचे शिक्षण नेमके हे दोन विषय मागत होते. मुलाच्या हातात चार विषयांच्या तोडीचा कागद होता, पण मालक आणि महाविद्यालय त्या कागदाला चार विषय मानायला तयार नव्हते. समकक्षता सरकारी तक्त्यात होती, समाजात नव्हती.

सरकारने मग कात्री चालवली. ३,१७५ समकक्ष प्रमाणपत्रांपैकी फक्त १२५ तक्त्यात ठेवली आणि एका प्रमाणपत्राला एकाच विषयाची किंमत दिली. २०१४ पासून शाळांत संगणकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम आला. इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण नव्या संगणकशास्त्राच्या परीक्षेला बसणाऱ्यांत मुलींचे प्रमाण जेमतेम पाचवा हिस्सा राहिले. हा कठीण विषय शिकवू शकणारे शिक्षक सगळ्या शाळांना मिळाले नाहीत. २०१८ मध्ये जुन्या माहिती तंत्रज्ञान विषयाची शेवटची जीसीएसई परीक्षा झाली आणि अनेक मुलांचा संगणकाशी शाळेत येणारा संबंधच तुटला. आधी हलका विषय देऊन फसवले, नंतर कठीण विषय आणून वगळले. दोन्ही वेळा नुकसान त्याच घरांचे झाले.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या राज्यात अकरावी-बारावी विज्ञानाला 'बायफोकल' संगणकशास्त्र असते. दोनशे गुणांचा हा विषय घेणारा विद्यार्थी प्रोग्रॅमिंग शिकतो, मायक्रोप्रोसेसर शिकतो आणि सोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणितही ठेवतो. अभियांत्रिकीचे दार त्याला उघडे असते. या जागा कुणाला मिळतात? दहावीला भरघोस गुण आणि खिशात फी असणाऱ्यांना. दुसरीकडे १९८८-८९ पासून किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आला, ज्याला आपण 'एमसीव्हीसी' म्हणून ओळखतो. तिथे कमी गुणांची, कष्टकऱ्यांची मुले गेली. तांत्रिक गटातून फार तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळे, पदवीचा सरळ रस्ता नव्हता. दोघांच्याही गुणपत्रिकेवर बारावी उत्तीर्ण! पण एकाची बारावी म्हणजे जिना आणि दुसऱ्याची बारावी म्हणजे भिंत.

केंद्रीय मंडळाचा, म्हणजे सीबीएसईचा नियमही पाहण्यासारखा आहे. दहावीत सहावा विषय म्हणून माहिती तंत्रज्ञानासारखा कौशल्य विषय घेतलेला विद्यार्थी गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांपैकी एका विषयात नापास झाला, तर त्या विषयाच्या जागी कौशल्य विषय धरून त्याला उत्तीर्ण करता येते. वर्ष वाया जात नाही, ही सवलत चांगलीच आहे. पण गणिताशिवाय उत्तीर्ण झालेल्या त्या मुलाला संगणक अभियंता कोण करणार? ज्या विषयाने गणिताची जागा घेतली, त्याच विषयात पुढे जायला गणित लागते, हे पालकांना कोण सांगणार?

व्यवसाय शिक्षणाकडे संशयाने पाहण्याचे आपल्याला ऐतिहासिक कारण आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजाजींनी मुलांची शाळा निम्मी करून उरलेल्या वेळात बापाचा धंदा शिकण्याची योजना आणली. जनतेने तिला कुलशिक्षण म्हटले, पेरियार यांनी तिच्याविरुद्ध रान उठवले आणि १९५४ मध्ये कामराज यांच्या सरकारने ती मोडीत काढली. संगणक हा कुणाच्याही बापाचा पिढीजात धंदा नाही, म्हणून आपण गाफील राहतो. पण काम नवे असले तरी वाटणी जुनीच असू शकते. एकाने आज्ञावली लिहायची आणि दुसऱ्याने तिच्यात रात्रभर माहिती भरत बसायचे!

बाबासाहेबांनी १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली होती. यंत्र माणसाला ढोरकष्टांतून सोडवते आणि फुरसत देते; दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, अशी त्यांची मांडणी होती. संगणकालाही हेच लागू आहे. म्हणून व्यवसाय शिक्षण रद्द करा, ही मागणी आपली असू शकत नाही. हाताच्या कामाला कमी लेखणे हा तर मनूचा वारसा आहे. आपली मागणी अशी हवी की कौशल्य विषय गणित-विज्ञानाच्या सोबत मिळावा, त्यांच्या बदल्यात नव्हे. जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या आणि आश्रमशाळेच्या मुलालाही प्रोग्रॅमिंग शिकायला मिळावे. त्यासाठी कंत्राटी प्रशिक्षकाऐवजी कायम शिक्षक नेमावा. आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकावर, हा विषय घेतल्यावर कोणत्या पदवीला प्रवेश मिळतो आणि कोणत्या पदवीला मिळत नाही, हे ठळक मराठीत छापावे.

दहावीच्या निकालानंतर आपल्या वस्त्या-वस्त्यांत गुणवंतांचे सत्कार होतात. ते व्हावेतच. पण त्याच मंडपात एक टेबल मांडून पालकांना ही माहिती देणारे दोन शिकलेले कार्यकर्ते बसले पाहिजेत. प्रवेशाचा अर्ज भरताना चुकलेला एक रकाना मुलाच्या आयुष्याची दहा वर्षे खातो. तो रकाना भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाच्या नावात संगणक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्यात गणित आहे का, हे आधी विचारा.